सेल्फ नुसता कट् म्हणतो, बॅटरी रोज बसते: जुन्या ट्रॅक्टरचं वायरिंग कुठनं तपासायला सुरुवात करायची

परवा रात्री साडेअकराला निपाणीकडच्या भाच्याचा फोन, मामा ट्रॅक्टर सेल्फच घेईना, नुसतं कट् म्हणतोय, उसाची ट्रॉली भरून उभी आहे, सकाळी उठून नवीन सेल्फच आणतो. म्हटलं थांब जरा, आधी हेडलाईट लाव, आता सेल्फ मार आणि लाईटचं काय होतं तेवढं सांग. तो म्हणाला लाईट एकदम गुल होते, चावी सोडली की परत येते. म्हटलं सेल्फला हात लावू नकोस, बॅटरीची दोन्ही टर्मिनलं काढ, घासून घट्ट लाव आणि परत मार. पंधरा मिनिटांनी परत फोन आला तेव्हा मागं इंजिनचाच आवाज होता.

आपल्याकडं बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी कुठंही जा, वीस-तीस वर्षांचे ट्रॅक्टर अजून रोज कामावर आहेत, इंजिन गिअर एकदम दणकट, पण वायरिंगवर कुणी लक्ष देत नाही आणि बिघडलं की पहिला पार्ट बदलतात. सेल्फ बदलला, मग बॅटरी बदलली, मग बॅटरी चार्ज करणारा डायनामो भरून आणला, बिघाड तिथंच. विहिरीवरची मोटर चालू आहे आणि शेवटच्या वाफ्याला पाणी येईना तर आपण मोटर बदलत नाही, पाटाच्या कडंकडंनं चालत जातो आणि कुठं फुटलाय, कुठं गवत अडकलंय ते बघतो. करंटचं पण तसंच करायचं, बॅटरीपासनं निघायचं आणि कुठवर येतोय ते बघत बघत पुढं जायचं.

एक आधी सांगतो कारण नवीन पोरं इथं गोंधळतात. आपले ट्रॅक्टर डिझेलचे, त्यात स्पार्क प्लग नाही, कॉइल नाही. हवा सोळा-अठरा पटीनं दाबली की ती एवढी तापते की डिझेल आपोआप पेट घेतं. म्हणजे आपल्याकडं इग्निशन म्हणजे चावीचा स्विच, त्याच्या वायरी, सोलेनॉइड (चावी मारली की सेल्फला जाड केबलचा करंट जोडणारा स्विच) आणि सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, आणि काही इंजिनांत थंडीसाठी हिटर. जुन्यांत बंद करायला ओढायचा स्टॉपर असतो, त्यामुळं एकदा चालू झालं की बॅटरीशिवाय पण इंजिन फिरत राहतं. म्हणूनच उतारावर लावून ढकलून चालू करायची सवय लागते आणि खरा बिघाड सहा-सहा महिने तसाच राहतो. आणि सेल्फ हळू फिरला तर हवा पुरेशी तापत नाही, मग इंजिन धरत नाही, नुसता पांढरा धूर. त्यामुळं 'फिरतोय की' म्हणून सोडून देऊ नका, कसा फिरतोय ते बघा. सेल्फ जोरात फिरतोय आणि सायलेन्सरमधनं धूरच नाही, तर ते वायरिंगचं काम नव्हे, स्टॉपर ओढलेलाच राहिलाय का बघा, नाहीतर डिझेलमध्ये हवा धरलीय.

काम सुरू करायच्या आधी गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला दगड. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. बॅटरीजवळ बिडी-काडी अजिबात नको, चार्ज होताना तिच्यातनं हायड्रोजन निघतो, तो भडकतो. बॅटरी काढताना बॉडीला गेलेलं टर्मिनल पहिल्यांदा काढायचं आणि लावताना शेवटी लावायचं, म्हणजे पान्हा चुकून बॉडीला लागला तरी जाळ होत नाही. आणि हात जोडून सांगतो, चाकाजवळ खाली उभं राहून स्क्रूड्रायव्हरनं सेल्फ शॉर्ट करून चालू करू नका. गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर त्याच क्षणी पुढं जातो आणि मागचं चाक तुमच्या अंगावरच येतं, माणसं गेली आहेत अशी. सेल्फ मारायचा तो सीटवर बसूनच.

सामान जास्त लागत नाही. एक साधा मल्टीमीटर, आणि २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरमध्ये घालून त्याला दोन लांब वायरी, झाला टेस्ट लॅम्प. दोन्ही का, तर मीटर फसवतो. वायरीची शेवटची एक तार धरून असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, पण बल्ब लावला की तो मिणमिणतो, कारण बल्बला खरा करंट लागतो.

मी भाच्याला सांगितलेली लाईटची टेस्ट सगळ्यात आधी करा, फुकटची आहे. सेल्फ मारल्यावर लाईट तशीच लख्ख राहिली आणि काहीच वाजलं नाही तर सेल्फपर्यंत करंट जातच नाही, चावी-स्विच-सोलेनॉइडच्या वाटेवर तुटलंय. लाईट थोडी मंद होऊन सेल्फ रडत रडत फिरला तर बॅटरी कमजोर, नाहीतर जाड केबल किंवा अर्थ (बॅटरीपासनं ट्रॅक्टरच्या बॉडीला गेलेली जोडणी) खराब, नाहीतर सेल्फ आतनं घासतोय. लाईट पूर्ण गेली तर टर्मिनल सैल किंवा बॅटरी मेलेली. लाईट खूप बसली आणि सेल्फ जागचा हलला पण नाही तर सेल्फ अडकलाय किंवा आत शॉर्ट आहे.

मग बॅटरी. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची सकाळी मोजा, १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्ज करून आणा मग पुढचं बोलू. चार्ज करून पण १०.५ च्या जवळच अडकत असली तर एक सेल गेला. झाकणं उघडणारी बॅटरी असली तर हायड्रोमीटरनं सहाही सेल बघा, भरलेला सेल १.२६ ते १.२८ दाखवतो, पाच सेल १.२५ आणि एकच १.१० असं आलं तर त्या बॅटरीवर अजून पैसे घालू नका. पाणी फक्त डिस्टिल्ड, बोअरचं नको, त्यातले क्षार प्लेटांवर बसतात. टर्मिनलवर पांढरं-हिरवं आलं असलं तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ओता, फेस येऊन निघून जातं, पण सोड्याचं पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. मग पोस्ट आणि टर्मिनल आतनं पॉलिश पेपरनं चकचकीत करा, घट्ट आवळा आणि त्याच्यानंतर वरनं व्हॅसलिन किंवा ग्रीस. लोक आधी ग्रीस लावतात आणि मग आवळतात, ते उलटं आहे. आणि बॅटरीची पट्टी आवळलेली पाहिजे, नांगरटीत धक्के बसून प्लेटा तुटतात.

आता लोडवर मोजायचं, खरी गंमत इथंच आहे. स्टॉपर ओढून धरा म्हणजे इंजिन चालू होणार नाही, मीटर बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर धरा, टर्मिनलवर नव्हे, आणि सेल्फ मारायला लावा. ९.६ च्या वर राहिलं तर बॅटरी बरी. दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा, दोन-तीनशे अँपिअर ओढतो तो, लगेच तापतो.

बॅटरी बरी आहे आणि तरी सेल्फ रडतोय, तर अर्थ बघा. ह्या एका गोष्टीनं माझे एका वर्षात लई पैसे घालवले. आबांनी १९८९ ला घेतलेला आमचा ट्रॅक्टर, त्याला पेंट मारून आणला आणि पुढच्या भाताच्या चिखलणीला सेल्फ उचलेना. दुकानात दिला, कार्बन (आतल्या फिरत्या भागाला घासून करंट पोचवणारे तुकडे) बदलले, लावला, तेच. परत दिला, आर्मेचर म्हणजे तो आतला फिरता भागच बदलला, टेबलावर मस्त फिरतोय, ट्रॅक्टरवर तेच. शेवटी संकेश्वरकडचे एक वयस्कर इलेक्ट्रिशियन घरी आले, पेटी खाली ठेवायच्या आत म्हणाले, "मोदल अर्थ नोड्री." आधी अर्थ बघा. त्यांनी मला सेल्फ मारायला लावला आणि स्टॉपरच्या वायरीला बोट लावायला सांगितलं. वायर गरम! बॅटरीच्या अर्थ पट्टीचा लग (टोकाची कडी) पेंटवरच बसवलेला, खाली लोखंड दिसतच नव्हतं, मग बिचारा करंट वाट शोधत स्टॉपरच्या केबलमधनं इंजिनला जात होता. कानशीनं पेंट खरवडला, लग साफ करून दातेरी वॉशर घालून आवळला आणि सेल्फ असा फिरला की बस.

मोजायची रीत सोपी आहे. मीटरचं एक टोक बॅटरीच्या बॉडीकडच्या पोस्टवर, दुसरं सेल्फच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत चालेल, अर्ध्याच्या वर गेलं तर तेवढे व्होल्ट वाटेतच खाल्ले जातायत. तसंच दुसऱ्या बाजूला, बॅटरीचं दुसरं पोस्ट आणि सेल्फवरचा जाड स्टड, आणि मग सोलेनॉइडच्या दोन जाड स्टडांच्या मध्ये. चालू फिरताना तिथं पण तेवढंच कमी दिसलं पाहिजे, एक-दोन व्होल्ट दिसले तर सोलेनॉइडची आतली तबकडी जळालीय. जिथं व्होल्ट दिसतात तिथंच दोष, एवढं लक्षात ठेवा, इतर वेळी आपण उलटं बघतो म्हणून डोकं फिरतं. आणि मी मघापासनं 'बॉडीकडचं पोस्ट' म्हणतोय ते मुद्दाम, फार जुन्या काही ट्रॅक्टरांना प्लस बॉडीला असतो, तेव्हा रंग बघून नव्हे, केबल कुठं गेलीय ते बघून जोडा.

सेल्फ अजिबात वाजत नसला तर सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर टेस्ट लॅम्प लावा, दुसरं टोक बॉडीला, चावी मारा. लॅम्प लख्ख लागला आणि कट् पण नाही, तर सोलेनॉइड गेला. लॅम्प लागला नाही तर मागं चालत जा: स्विचला येतोय का, स्विचमधनं बाहेर पडतोय का. जुन्या ट्रॅक्टरांत लाईट आणि स्विचचा करंट अँपिअर मीटरमधनं जातो आणि त्याच्या मागचा नट सैल झाला की सगळा डॅशबोर्डच बंद पडतो, हे मी तीन-चार ठिकाणी बघितलंय. काही ट्रॅक्टरांत क्लचला किंवा हाय-लोच्या लिव्हरला सेफ्टी स्विच असतो, लिव्हर न्यूट्रलला नसला तर सेल्फ मिळतच नाही. तो स्विच बिघडला म्हणून वायर डायरेक्ट जोडून देतात, तसं करू नका, नवीन बसवा, तो फार महाग नसतो.

सोलेनॉइड कट् करतो, व्होल्ट पूर्ण पोचतात आणि सेल्फ गप्प, तर एकानं चावी मारायची आणि एकानं लाकडाच्या तुकड्यानं सेल्फच्या बॉडीवर हलकं टक् टक्. फिरला तर कार्बन संपलेत, घरी पोचायला तेवढं बास आहे. फिरताना घसघस आवाज आणि तापतो जास्त, तर आर्मेचरला टोकांना धरणारे बुश झिजून ते खाली टेकतंय, उघडल्यावर आर्मेचरवर घासल्याची चमक दिसते. बुश नुसता हातोडीनं ठोकून बसवू नका, लेथवर बरोबर मापात करून घ्या, बेळगावात उद्यमबागेत असल्या कामाला माणसं आहेत. आणि सेल्फ सुईं करून मोकळाच फिरला, इंजिन हललं नाही, तर बेंडिक्स (सेल्फचं पुढं सरकून इंजिनला धरणारं दातेरी चाक) किंवा इंजिनच्या फ्लायव्हीलवरच्या रिंगचे दात गेलेत. तीन सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक ठरलेल्या तीन जागीच थांबतं, म्हणून दात तिथंच खाल्ले जातात. चावी काढून फॅनच्या बाजूनं इंजिन थोडं फिरवा आणि परत मारा, धरलं तर रिंगचं काम निघालं समजा.

इथवर सेल्फचं. भाच्याची गोष्ट अजून संपली नव्हती, दोन दिवसांनी परत फोन, मामा टर्मिनल चकचकीत आहे पण बॅटरी परत बसली. म्हणजे आता चार्जिंग.

पहिल्यांदा बेल्ट. मधोमध अंगठ्यानं दाबा, अर्धा इंच दबला पाहिजे. बेल्टच्या कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील किंवा बेल्ट पुलीच्या तळाला टेकत असेल तर आवळून उपयोग नाही, नवीन घाला. मग बॅटरीच्या पोस्टवर मीटर धरून इंजिन मध्यम रेसवर ठेवा. १३.८ ते १४.४ आलं तर चार्जिंग बरोबर आहे. बंद असताना होतं तेवढंच दिसलं तर चार्ज होतच नाही. १५ च्या वर गेलं तर व्होल्ट आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरीतलं पाणी उकळून संपेल. अँपिअर मीटर असला तर घाबरू नका, चालू केल्यावर काटा प्लसला जातो आणि बॅटरी भरली की शून्याजवळ येतो, शून्य म्हणजे चार्जिंग बंद असं नव्हे. लाईट लावून रेस द्या, काटा मायनसला राहिला तर मात्र दोष आहे.

तुमच्याकडं डायनामो असला तर एक समजून घ्या, तो स्लोवर चार्ज करतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि जुना साधा डायनामो पूर्ण रेसला वीस-बावीस अँपिअर देतो. दोन हेडलाईट, मागचा लॅम्प, ट्रॉलीचे टेल लाईट मिळून बारा अँपिअर सहज जातात, त्यावर मोठा अ‍ॅम्प्लिफायर लावून कारखान्याच्या रांगेत चार तास स्लोवर गाणी लावली तर बॅटरी बसणारच, तो डायनामोचा दोष नव्हे.

डायनामो तपासायचा असा. त्याच्यावर दोन टर्मिनल, मोठं डी आणि लहान एफ. खूण करून दोन्ही वायरी काढा, डी आणि एफ वायरीच्या तुकड्यानं एकमेकांना जोडा, मीटर मोठ्या रेंजवर ठेवून एक टोक त्या तुकड्याला आणि दुसरं डायनामोच्या बॉडीला. इंजिन स्लोला चालू करून हळूहळू रेस द्या. व्होल्ट भराभर चढले पाहिजेत, १५-२० ला पोचले की लगेच सोडा, जास्त चढवू नका. चढले तर डायनामो चांगला, दोष कटआऊटमध्ये (डायनामो आणि बॅटरी जोडणारा-तोडणारा स्विच) किंवा वायरीत. काहीच नाही आलं तर कार्बन, अर्धा-एक व्होल्टवरच अडकलं तर फील्ड कॉइल, निम्म्यावर थांबलं तर आर्मेचर. कम्युटेटर (कार्बन ज्याच्यावर घासतात तो तांब्याचा भाग) काळा पडला असेल तर बारीक पॉलिश पेपरनं पुसा, इमरी नको, तिचे कण तांब्यात रुततात. बरेच महिने पडून असलेला डायनामो कधीकधी आतलं चुंबकत्व विसरतो, तेव्हा दोन्ही वायरी काढलेल्या असतानाच बॅटरीच्या जिवंत पोस्टवरनं एक वायर एफला क्षणभर दोन-तीनदा टेकवा, बारीक ठिणगी पडते, आणि परत टेस्ट करा.

कटआऊटचं एक वाईट असतं. त्याचे पॉइंट चिकटले तर इंजिन बंद केल्यावर बॅटरी उलटी डायनामोत रिकामी व्हायला लागते, काटा जोरात मायनसला जातो आणि वायरी तापतात. असं दिसलं तर दुसरं काही बघू नका, पहिल्यांदा बॅटरीचं टर्मिनल काढा.

डायनामोच्या जागी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर असला तर चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डची चार्जिंगची लाल लाईट लागली पाहिजे आणि चालू झाल्यावर विझली पाहिजे. भाच्याला विचारलं, लाल लाईट लागते का रे? म्हणाला ती तर कधीच लागत नाही, म्हणजे चांगलंच ना मामा. नाही ओ! बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या बल्बमधनंच मिळतो, बल्ब उडाला की अल्टरनेटर झोपलेलाच राहतो, फार तर जोरात रेस दिल्यावर कधीतरी उठतो. तेवढ्याच वॅटचा साधा बल्ब घालायचा, एलईडी नको, तिच्यातनं पुरेसा करंट जात नाही.

बल्ब बरोबर असूनही होत नसेल तर इंजिन चालू ठेवून अल्टरनेटरच्या बी प्लस स्टडवर (बॅटरीकडं जाणारी जाड वायर असते तिथं) आणि बॅटरीवर असं दोन्हीकडं मोजा, स्टडवर १४.४ आणि बॅटरीवर १२.९ आलं तर अल्टरनेटर निर्दोष, मधली वायर किंवा लग खातोय. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून 'चार्जिंग बघायची' जुनी पद्धत डायनामोच्या काळातली, अल्टरनेटरवर केली की डायोड उडतात. ट्रॉलीला किंवा नांगराला जोडलेलाच ठेवून वेल्डिंग मारणार असाल तर आधी बॅटरीचं टर्मिनल आणि अल्टरनेटरच्या वायरी काढा, निदान औजार सोडून ट्रॅक्टर बाजूला घ्या.

रात्रीत बॅटरी बसते आणि दिवसा चार्जिंग नीट आहे, तर सगळं बंद करून बॅटरीचं बॉडीकडचं टर्मिनल काढा आणि पोस्ट-टर्मिनलच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या भोकात घालून लावा (ह्या वेळी चुकून पण सेल्फ मारायचा नाही, मीटर जाईल). जुन्या ट्रॅक्टरात जवळजवळ शून्य आलं पाहिजे. काही दिसत असलं तर मीटर बाजूला करा, अल्टरनेटरची बी प्लस काढून टेप गुंडाळा आणि परत लावा, शून्य झालं तर डायोड गळतोय.

डायनामो काढून अल्टरनेटर बसवावा का, हे सारखं विचारतात. रात्रीची ऊस वाहतूक करणाऱ्यानं जरूर बसवावा, तवंदी घाटात टेल लाईट नसलेली भरली ट्रॉली अंधारात उभी राहिली तर मागनं येणाऱ्याला दिसणार कशी. नुसती दिवसा नांगरट-चिखलणी असेल तर चांगला डायनामो पुरेसा आहे. बदललात तर जुना कटआऊट पूर्ण काढायचा, मायनस बॉडीलाच पाहिजे, आणि अँपिअर मीटरची वायर जाड करा.

भाच्यानं दुसऱ्या दिवशी बल्ब घातला, मीटरवर १४.१ आलं, फोटो पाठवला. त्याचा सेल्फ रविवारी काढून कार्बन किती राहिलेत ते बघायचं ठरलंय, तोवर सीझन चालू आहे.